पत्त्यावरचे कुमारप्पा

बालदोस्तांनो, तुमचा पत्ता काय?

सोपा प्रश्न आहे ना? आधी नाव, मग घर क्रमांक, मग रस्ता, मग गाव, जिल्हा आणि शेवटी पिन कोड. चौथीला पत्रलेखन शिकवताना मी हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. गावाचं नाव मुलं बरोबर लिहितात. पिन कोडही पाठ असतो, वर्ध्याचा ४४२००१. पेन्सिल अडते ती रस्त्याच्या नावाशी. "मॅडम, आमच्या रोडला नावच नाही!" असं कुणीतरी म्हणतंच. नाव असतं हो. पण आपल्या मोठ्या माणसांनाही पाण्याच्या टाकीमागे, पिठाच्या गिरणीसमोर असाच पत्ता सांगायची सवय. मग पाटीवरचं नाव वाचणार कोण?

आज अशाच एका पाटीवरच्या नावाची गोष्ट सांगते. वर्ध्यात एक कुमारप्पा रोड आहे. मगन संग्रहालय याच रस्त्यावर. इथली माणसं वीजबिलावर, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेवर हे नाव लिहितात. कुमारप्पा हे नाव काही आपल्याकडचं वाटत नाही. देशमुख, वानखेडे, ठाकरे, मेश्राम यांच्या गावात हे कुमारप्पा आले कुठून? आणि एखाद्या रस्त्याला त्यांचं नाव मिळावं असं त्यांनी केलं तरी काय?

त्याआधी थोडंसं आपल्या गावाविषयी. वर्धा हे काही फार जुनं गाव नाही. नागपूरपासून वेगळा वर्धा जिल्हा झाला १८६२ साली. तेव्हा कचेरी होती पुलगावजवळच्या कवठ्याला. १८६६ मध्ये ती पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आणली आणि तिथे आखून-रेखून नवं गाव वसवलं. तेच आपलं वर्धा. नाव मिळालं नदीचं. तुमच्या पणजोबांचे आजोबा असते, तर त्यांनी हे गाव बांधताना पाहिलं असतं, इतकं ते अलीकडचं.

या गावात जमनालाल बजाज नावाचे व्यापारी होते. जन्म राजस्थानातला, पण वर्ध्याच्या बच्छराज शेठजींनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते वर्धेकर झाले. त्यांच्या घराण्याचं लक्ष्मीनारायणाचं मंदिर जुलै १९२८ मध्ये त्यांनी दलितांसाठी उघडलं. त्या काळात ही केवढी धाडसाची गोष्ट होती, ते घरी आजोबांना विचारा. याच जमनालालजींच्या मालकीची एक संत्र्याची बाग होती आणि बागेत एक घर. तेव्हा हा भाग गावाच्या कडेला होता.

आता गांधीजी. १९३० मध्ये दांडीयात्रेला निघताना त्यांनी ठरवलं होतं, की स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीच्या आश्रमात परतायचं नाही. मग राहायचं कुठे? जमनालालजी त्यांना वर्ध्याला बोलावत होतेच. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. खेड्यातले हातचे धंदे मोडत चालले होते, ते सावरायचे, हे या संघाचं काम. जमनालालजींनी संत्र्याची बाग आणि घर संघाला देऊन टाकलं. त्या जागेला नाव ठेवलं मगनवाडी.

हे मगन म्हणजे मगनलाल गांधी, गांधीजींचे पुतण्याच्या नात्यातले. साबरमती आश्रमाची सगळी व्यवस्था ते पाहायचे. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींना आपल्या लढ्यासाठी चांगलं नाव हवं होतं. मगनलालांनी 'सदाग्रह' असं सुचवलं. गांधीजींनी त्यात थोडी दुरुस्ती केली आणि 'सत्याग्रह' झाला. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात पानोपानी भेटणाऱ्या त्या शब्दात अर्धा वाटा मगनलालांचा. १९२८ साली ते वारले. वर्ध्यातली ही वाडी त्यांच्या नावानं ओळखली जाते.

१९३५ मध्ये गांधीजी मगनवाडीत राहायला आले आणि संत्र्याच्या बागेचा नूरच पालटला. इंग्रजी बोलणारे, गुजराती बोलणारे, तामिळ बोलणारे, सगळे एका पंगतीला! पंगतीत वाढायचं काय, याचे गांधीजींचे प्रयोग चालू असत. कधी कच्चा पाला, कधी कडुनिंबाची पानं, कधी सोयाबीन. कडुनिंबाच्या पानांबद्दल मी काही बोलत नाही. माझं मत तुमच्या मतासारखंच आहे. पण सोयाबीनची गंमत बघा. त्या वेळी सोयाबीन म्हणजे वर्ध्यातल्या लोकांना नवलाचा दाणा. आज पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात बसनं कुठंही जा, कपाशीच्या बरोबरीनं सोयाबीनच दिसतं.

या वाडीत तुमच्या वयाचा एक मुलगाही होता. त्याचं नाव नारायण, सगळे त्याला बाबला म्हणत. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांचा हा मुलगा. तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेल. तो शाळेत न जाता घरीच, वडिलांकडे आणि आश्रमातल्या मोठ्या माणसांकडे शिकला. (हे वाक्य घरी मोठ्यानं वाचून दाखवायचं नाही! ज्याचे वडील महादेवभाई आणि शेजारी गांधीजी, त्यालाच ते जमतं.) पुढे तो नारायणभाई देसाई म्हणून मोठा लेखक झाला, गावोगाव गांधीकथा सांगत फिरला. २०१५ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते गेले. मगनवाडीच्या दिवसांबद्दल त्यांनी जे लिहून ठेवलंय, त्यातली एक आठवण मात्र प्रत्येक मुलानं ऐकावी अशी आहे.

मगनवाडीजवळ सिंदी नावाचं खेडं. सिंदी म्हटलं की आपल्याला सिंदी रेल्वे आठवते. ही ती नव्हे, ही सिंदी मेघे. आज वर्धा शहर आणि सिंदी मेघे यांची घरं एकमेकांना लागलेली आहेत. तेव्हा ते वेगळं खेडं होतं. त्या काळी बहुतेक खेड्यांत घरी संडास नसे, लोक रस्त्याच्या कडेलाच बसत. पावसाळ्यात त्या वाटेनं चालायचं म्हणजे काय होत असेल, कल्पना करा. आणि रोगराई? ती तर पाचवीला पुजलेली. मीराबेन या मूळच्या इंग्लंडच्या बाई सिंदीत जाऊन राहिल्या. आणि मगनवाडीतली माणसं सकाळी सकाळी बादल्या, फावडी घेऊन सिंदीला निघू लागली. काम एकच, रस्त्यावरची घाण उचलायची.

महादेवभाई या कामाला कितीतरी दिवस गेले. कोण महादेवभाई? जे गांधीजींची पत्रं लिहीत, मोठमोठ्या पुढाऱ्यांशी इंग्रजीत बोलत, ते. नारायणही सोबत जाई. गावातल्या लोकांना वाटलं असेल, की एवढी शिकलेली माणसं आपल्या दारची घाण काढतायत, आता तरी आपण सुधारावं? तसं काही झालं नाही. उलट एक जण नुकताच बसून उठला आणि येताना महादेवभाईंना सांगून गेला, की तिकडे जा, तिकडे जास्त घाण आहे!

छोट्या नारायणला हे फार झोंबलं. त्यानं गांधीजींना विचारलं, की अशा कामाचा उपयोग तरी काय? लोक बदलतच नाहीत. गांधीजी त्याच्यावर रागावले नाहीत. हे काम आपण पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक माणसांच्या डोक्यावर ठेवलं, त्यांना अस्पृश्य म्हटलं. एवढं जुनं पाप थोड्या दिवसांत फिटेल कसं, अशा अर्थाचं त्यांनी त्याला समजावलं. म्हणजे सिंदीचा रस्ता झाडणं हे नुसतं सफाईचं काम नव्हतं. ज्यांच्याकडून हे काम करून घेतलं जात होतं त्यांचं काही देणं लागतो, ते फेडायचं होतं.

मी वर्गात ही गोष्ट सांगते तेव्हा मुलं आधी नाक मुरडतात, मग हसतात, "तिकडे जास्त आहे" या वाक्याला तर फारच. मीही हसू देते. मग विचारते, "आपल्या गल्लीतली नाली सकाळी कोण काढतं रे? त्यांचं नाव काय?" वर्ग एकदम चूप. दुधवाल्याचं नाव माहीत असतं, पेपरवाल्याचं माहीत असतं. पालकांनो, तुम्हीही मनातल्या मनात उत्तर देऊन पाहा.

३० एप्रिल १९३६ ला गांधीजी मगनवाडीतून पाच-साडेपाच मैलांवरच्या सेगावला राहायला गेले. महादेवभाई मात्र सुरुवातीला मगनवाडीतच राहत. मग काय, रोज सेगावला पायी जायचं आणि पायी परत यायचं. अकरा मैल, म्हणजे जवळजवळ १८ किलोमीटर. एखाद्या दिवशी दोन खेपा. आणि ऊन वर्ध्याचं! मे महिन्यात आपण चपला घालूनही सावली शोधत चालतो, त्या उन्हात हा माणूस कागदांची पिशवी घेऊन चालत होता. त्याचा त्यांच्या तब्येतीवर परिणाम झालाच. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांचं निधन झालं, तेव्हा ते अवघे पन्नास वर्षांचे होते.

सेगावची आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती पत्त्याचीच आहे. गांधीजींना देशभरातून ढीगभर पत्रं यायची आणि त्यातली काही जायची बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला, गजानन महाराजांच्या! सेगाव, शेगाव, टपालखात्याचा गोंधळ उडायचा. म्हणून १९४० साली गावाचं नाव बदललं आणि सेवाग्राम केलं. पत्ता चुकतो म्हणून गावालाच नवं नाव!

आता आपल्या पाटीवरच्या माणसाकडे वळू. गांधीजी सेगावला गेले, पण ग्रामोद्योग संघ मगनवाडीतच राहिला आणि तो चालवत होते संघाचे मंत्री जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे. जन्म ४ जानेवारी १८९२ चा, ख्रिस्ती घरातला. तेव्हा नाव होतं जोसेफ कॉर्नेलियस. लंडनला हिशेबतपासणीचं शिक्षण घेतलं, मुंबईत त्याच कामाची कचेरी काढली. राहणी पक्की साहेबी. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकताना त्यांनी एका प्रश्नाचा अभ्यास केला: भारत गरीब का? हिशेब मांडता मांडता त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या लोकांकडून सरकार कर गोळा करतं, पण तो पैसा आपल्या लोकांवर खर्च होतच नाही. साहेबी थाटाच्या माणसाला त्याच्याच आकड्यांनी बदलून टाकलं. घराण्यातलं जुनं कुमारप्पा हे नाव त्यांनी परत लावलं.

मे १९२९ मध्ये ते हा अभ्यास दाखवायला साबरमतीला गेले. कडक इस्त्रीचे कपडे, हातात काठी. वेळेच्या आधीच पोहोचले. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसलेला. त्याला निरखत कुमारप्पा काठीवर भार टाकून उभे राहिले. काही मिनिटांनी म्हाताऱ्यानं कमरेचं घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "कुमारप्पा आपणच का?" तेव्हा यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की हेच गांधी! मग इस्त्रीची पर्वा न करता कुमारप्पांनी तिथेच खाली बैठक मारली. ती पुढे कायमचीच.

हा माणूस हिशेबाला इतका कडक, की विचारू नका. जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. मदतनिधीचे पैसे सांभाळायला कुमारप्पांना बोलावलं. कार्यकर्त्याच्या जेवणाला रोज तीन आणे, एवढंच त्यांनी ठरवलं. तेवढ्यात गांधीजी आपल्या मंडळींसह बिहारला येणार असं कळलं. त्यांच्यासोबत बरीच माणसं, दूध-फळं लागणार, मोटारीला पेट्रोल लागणार. कुमारप्पांनी महादेवभाईंना स्पष्ट सांगितलं, की हा खर्च निधीतून होणार नाही, तुमचा तुम्ही बघा. भूकंपग्रस्तांसाठी आलेला पैसा, तो गांधीजींच्या जेवणालाही नाही! मला विचाराल तर या एका गोष्टीसाठीसुद्धा रस्त्याला त्यांचं नाव शोभलं असतं.

मगनवाडीत त्यांच्या हाताखाली काय काय चालायचं! हातकागद बनायचा, मधमाश्या पाळल्या जायच्या, ताडगूळ, साबण, हातसडीचा तांदूळ. झवेरभाई पटेल नावाचे कार्यकर्ते तेलघाणीच्या मागे लागले. आपल्या गावातल्या जुन्या घाण्यात तेल पुरतं निघत नसे आणि बैलाचा जीव मेटाकुटीला येई. त्यांनी घाण्यात सुधारणा केल्या. त्या घाण्याला देशभर 'वर्धा घाणी' म्हणू लागले. परदेशातून येणारं रॉकेल जाळायला नको म्हणून वनस्पतींच्या तेलावर चालणारा कंदील इथे तयार झाला, त्याचं नाव मगनदीप. स्वयंपाकघरातला धूर नळीवाटे बाहेर काढणारी मगनचूल इथलीच. चुलीपुढे बसून ज्यांचे डोळे चुरचुरले आहेत त्या आजीला विचारा, तिला या शोधाची किंमत बरोबर कळेल.

हे सगळं टिकलं का? खरं सांगायचं तर फारसं नाही. गावोगावचे घाणे बंद पडले, तेली मंडळी दुसऱ्या धंद्यांना लागली, डबाबंद तेल घरोघरी आलं. आणि आता शहरातल्या दुकानांत 'लाकडी घाण्याचं तेल' अशी चिठ्ठी लावलेली बाटली दुप्पट भावानं विकली जाते. कुमारप्पा असते, तर त्यांनी लगेच हिशेबाची वही काढली असती आणि विचारलं असतं, की यातले किती पैसे घाणेवाल्याच्या हातात पडतात?

कुमारप्पांची आणखी एक ओळख म्हणजे त्यांचा पोशाख. धोतर नेसायला वेळ लागतो, पायजमा आपला वाटत नाही, म्हणून त्यांनी दोन्ही मिळून 'धोतीजामा' नावाचा कपडा शिवून घेतला होता. त्या काळी मगनवाडीच्या रस्त्यानं जाणाऱ्या पोट्ट्यांनी वळूवळू पाहिलं असेल, नाही?

३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. चरखे, खादी, खेड्यातल्या कारागिरांची अवजारं, सगळं एका छपराखाली. तेव्हापासूनची ही वास्तू आजही या रस्त्यावर आहे. शाळेची सहल सेवाग्राम आणि पवनारला जाते आणि गावातलं हे संग्रहालय मात्र राहून जातं, असं बरेचदा होतं. मगनवाडीच्या आवारात पुढे १९५५ साली जमनालालजींच्या नावानं ग्रामोद्योगांची संशोधन संस्था निघाली, तीच आता महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था म्हणून ओळखली जाते.

१९४२ च्या चळवळीत कुमारप्पांना तुरुंगवास झाला. जबलपूरच्या तुरुंगात बसून त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशू ख्रिस्ताच्या शिकवणीवर आणि दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. झाड फळं देतं तोवर फळं खा, झाड तोडून सरपण करू नका, असा काहीसा त्या दुसऱ्या पुस्तकाचा विचार. पर्यावरण हा विषय तुमच्या वेळापत्रकात यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. गांधीजींनी गमतीनं त्यांना 'ग्रामोद्योगांचे डॉक्टर' अशी पदवी देऊन टाकली.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी मगनवाडी सोडली आणि आपल्याच जिल्ह्यात, सेलडोहला शेतीचा आश्रम काढला. नाव ठेवलं पन्नई. तामिळमध्ये पन्नई म्हणजे शेत. पुढे तब्येत बिघडल्यावर ते तामिळनाडूत कल्लुपट्टीला गेले. ३० जानेवारी १९६० ला मदुराईत त्यांचं निधन झालं. तारीख ओळखीची वाटली ना? गांधीजी गेले तीच ही तारीख, बारा वर्षांनंतरची.

एक किस्सा राहिलाच, आणि तो रस्त्याचाच आहे. असं सांगतात, की स्वातंत्र्यानंतर कुमारप्पा दिल्लीला एका बैठकीसाठी टांग्यानं निघाले होते. वाटेत शिपायानं अडवलं. म्हणे, या रस्त्यावर टांग्यांना आणि बैलगाड्यांना बंदी आहे. बैठकीत कुमारप्पांनी पंतप्रधान नेहरूंनाच जाब विचारला. नेहरू म्हणाले, की तिथे लष्कराच्या मोठ्या मोटारी भरधाव जातात, बैलगाडीवाल्यांच्या जिवाला धोका नको म्हणून ही बंदी. कुमारप्पा म्हणाले, धोका मोटारींमुळे आहे ना? मग बंदी मोटारींवर घाला, बैलगाडीवाल्यानं काय केलंय?